भाऊ, यंदा मुराळी मी होते

प्रिय भाऊ,

कालच माहेराहून धुळ्याला, देवपुरातल्या घरी परत आले. पिशवी अजून सोडलीसुद्धा नाही. सून म्हणते, "आई, आधी कपडे तरी भिजत टाका." म्हटलं, थांब मनीषा, आधी मला पत्र लिहायचंय. "कोणाला?" म्हटलं, माझ्या भावाला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग गुपचूप कागद आणि पेन आणून दिला. शहाणी आहे पोर.

तुला का लिहितेय सांगू? तू असतास तर काल रात्रीच तुझा फोन आला असता. कोणत्या गाडीनं आलीस, खिडकी मिळाली का, शेजारी कोण होतं, ऊन लागलं का! असले प्रश्न आता कोणी विचारत नाही. पोरं विचारतात, "पोहोचली ना?" हो म्हटलं की फोन ठेवतात. पोहोचण्यात काय रे सांगण्यासारखं? सांगण्यासारखं सगळं मधल्या रस्त्यात असतं, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला ऐकायचंय?

अक्षराकडे बघू नकोस. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, जोडाक्षर आलं की अजून पेन थांबतो.

तर भाऊ, आखाजी आली, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया लिहितात ती. माझ्या लग्नापासून अशी आखाजी गेली नाही की तू मला न्यायला दारात नाहीस. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, पंच्यात बांधलेली आपल्या मळ्यातली केळी. सासूबाई असताना त्या ओरडायच्या, "कमल, तुझा मुराळी आला गं!" आणि माझ्या हातातली कणीक तशीच राहायची. मुराळी आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही, आपल्याकडची रीतच ती. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी माझा दिनेश म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला येता, मी सोडतो आईला." तू काय म्हणालास आठवतं? "तू सोडशील रे, पण न्यायला कोण आलं म्हणून सांगेल ती?"

मग यंदा कोण येणार होतं?

तुझ्या पंकजचा फोन आला. गोड बोलला. "आत्या, तुला वाटेल तेव्हा ये. घर तुझंच आहे." आता यात चूक काहीच नाही. पण भाऊ, 'वाटेल तेव्हा' म्हणजे कधी? मला तर रोजच वाटतं! पंकजला मी दोष देत नाही हां. ऐन उन्हाळ्यात केळीची कटाई, मजूर मिळत नाहीत, ट्रक दारात उभा. पण फोन ठेवला आणि मी भिंतीकडे बघत बसले. एकच विचार मनात, भाऊ गेला, म्हणजे माहेर आहे का गेलं?

त्यात यंदा तुझी पहिली घागर. आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा घास द्यायचा, हे आपण लहानपणापासून बघितलं. बाबांची, आईची घागर भरताना तूच तर पाणी ओतायचास. आता त्या घागरीला तुझं नाव लागणार, आणि मी देवपुरात पंखा लावून बसणार? दिनेश म्हणाला, "रविवारी गाडीनं सोडतो." अरे, आखाजी काय रविवारची वाट बघते?

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, एकटीनं जाऊन बघितलं तर?

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी नुसतं बघावंसं वाटलं. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण पाहिला कुठे मी तो? डोक्यावर पदर, हातात हुंगायला लिंबू, आणि तुझ्या खांद्यावर डोकं. डोळे उघडायचे ते थेट जळगावला, तू "ऊठ कमली" म्हणालास की. मी विचारायचे, रस्त्यात काय काय लागलं? तू म्हणायचास, "काही नाही गं." साठी ओलांडली तरी धुळे आणि जळगावच्या मध्ये काय आहे ते मला माहीत नव्हतं. ही काय गोष्ट झाली?

आखाजीच्या आदल्या दिवशी दिनेश कामावर गेला आणि मी मनीषाला म्हटलं, चल, स्कूटरवरून स्टँडवर सोड मला.

"आई! यांना काय सांगू मी?"

"सांग, आई माहेरी गेली. खोटं आहे का?"

तिनं मोबाईलमध्ये तिचा, दिनेशचा, पंकजचा नंबर वर आणून दिला, पाण्याची बाटली दिली, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. मीच तिला म्हटलं, जा आता, मला रडायला लावशील.

आणि भाऊ, काय रस्ता आहे रे! पाटी दिसली की मी वाचायचे. पा-रो-ळा. वाचेपर्यंत पाटी मागे! मग पुढची धरायची. नांगरून पडलेली काळी रानं, लाल भडक गुलमोहर, एका वळणावर उसाच्या रसाची गुऱ्हाळं ओळीनं. एरंडोल आलं तेव्हा वंदीची आठवण झाली, म्हटलं इथेच कुठेतरी तुझी लेक नांदते. जळगाव जवळ आलं तसे पाइपांच्या काळ्या वेटोळ्यांचे डोंगर दिसायला लागले. यातलं काहीच नाही का तुला सांगावंसं वाटलं? 'काही नाही' म्हणे! एकट्यानंच सगळं बघायचास, होय ना? लबाड.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कोणासोबत चालल्या?" म्हटलं, एकटी. तर ती आपल्या नवऱ्याला म्हणते, "बघा, या एकट्या चालल्या. तुम्ही मला भाजी आणायला एकटीला सोडत नाही." तो बिचारा झोपायचं सोंग घेऊन बसला.

पण जळगावच्या स्टँडवर माझी फजिती झाली, ती ऐक. तिथे गाडी बदलायची. चौकशीच्या खिडकीवर विचारलं, यावलची गाडी कुठे लागते? त्यानं हातानं दाखवलं. मी त्या फलाटावर बाकावर बसले, पिशवी मांडीवर. थोड्या वेळानं गाडी आली. पाटी वाचली, यावल. बरोबर. माणसं चढली, एक म्हातारा चढला, कोंबडीची टोपली चढली. मी बघतेय. कंडक्टर ओरडला, दार लागलं, गाडी निघाली. मी बघतेय. गाडी स्टँडाच्या बाहेर वळली आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, ती माझी गाडी होती!

भाऊ, मी कशाची वाट बघत होते माहितेय? कोणीतरी "ऊठ" म्हणेल याची! जन्मभर कोणीतरी ऊठ म्हटलं की उठले, बस म्हटलं की बसले. आपण होऊन उठायचं असतं हे पायांना ठाऊकच नव्हतं. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला.

शेजारची पोरगी घाबरली. "आजी, काय झालं?"

"माझी गाडी गेली."

"मग हसताय काय?"

म्हटलं, पुढची कधी आहे गं?

पुढच्या गाडीला वेळ होता आणि भूक लागली होती. कँटीनमध्ये गेले. पोऱ्या म्हणाला, "काय देऊ आजी?" आता आली का पंचाईत! तूच सांगायचास, 'दोन चहा, एक प्लेट भजी', आणि मी खायचे. मला काय आवडतं? कोणी विचारलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. म्हटलं, काय काय आहे? त्यानं एका दमात यादी म्हणून दाखवली. म्हटलं, बाळा, परत एकदा म्हण. मला नुसतं ऐकायलाच छान वाटत होतं! शेवटी कचोरी घेतली. गरम, तिखट, डोळ्यात पाणी. मला तिखट इतकं आवडतं हे तुला माहीत होतं का रे? खाऊन झाल्यावर ताटली घेऊन उठले आणि नळ शोधायला लागले. पोऱ्या मागे धावत आला, "आजी, राहू द्या, राहू द्या!" सवय बघ मेली.

पुढची यावल लागली तशी मी उठले. नुसती उठले नाही, बाकावरच्या दुसऱ्या एका म्हातारीलाही म्हटलं, "चला, उठा, गाडी लागली." ती म्हणाली, मला चोपड्याला जायचंय. असू दे.

तापीच्या पुलावर जीव कासावीस झाला. पाणी खाली गेलंय, पण वारा तोच आपला. पुलानंतर केळीच्या बागा सुरू झाल्या आणि मग पाट्या वाचायची गरज उरली नाही.

ऊन उतरताना घरी पोहोचले. वहिनी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं. "माय वो! कोनासंगं आली?"

"कोणी नाही. एकटीच."

"मले वाटलं, नणंदबाई रुसली. पंकजले दहादा म्हटलं, जाय बाबा, आत्याले घेऊन ये. मी कशी फोन करू? दुखवट्याचं पहिलं वर्स, मी कोनाले बोलावू?"

बघ, मी तिकडे बसून म्हणत होते मला कोणी बोलवत नाही, आणि ही इकडे म्हणत होती नणंद रुसली. दोघींनी रडून घेतलं. मग ती म्हणाली, "तुले चहा आधी कराचा का भाकर?" म्हणजे माहेर आहे. कळलं मला.

पण घरात वंदी नव्हती. बापाची पहिली घागर आणि लेक नाही? वहिनीनं डोळे पुसले. वंदीचे सासरे म्हणतात, मुराळी येऊ द्या, आम्ही लगेच पाठवतो. आणि तुझी वंदी तुझ्यासारखीच! फोनवर आईला म्हणते, "बाबा होते तोवर मला न्यायला येत होते. आता मी काय न बोलवता येणारी आहे का?" तुझ्यावरच गेली, नाक घेतलंय तसं हट्टही घेतलाय.

पंकज मळ्यातून आला. शर्टवर केळीच्या चिकाचे काळे डाग. "आत्या? कोणी सोडलं तुला?" म्हटलं, एसटीनं. मग वंदीचा विषय निघाला तसा बिचारा डोकं धरून बसला. "आत्या, तूच सांग, पहाटे ट्रक भरायचाय. मी एरंडोलला कसा जाऊ?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "मी जाते."

सगळे चमकले. मीसुद्धा!

वहिनी म्हणाली, "बाईमानूस मुराळी जाते का कुठी?"

"जात नाही," मी म्हटलं, "पण मी तरी आजपर्यंत कुठे एकटी गेले होते?"

पहाटेची पहिली गाडी धरली. वहिनीनं फडक्यात सांजोऱ्या बांधून दिल्या, रिकाम्या हातानं मुराळी कसा जाईल? रस्ताभर मी मनात म्हणून बघत होते, तिथे जाऊन बोलायचं काय? तू काय बोलायचास रे माझ्या सासरी? मी नेहमी आत असायचे, दाराआडून नुसती तुझी चप्पल दिसायची.

वंदीचं घर सापडलं. पुढच्या ओट्यावर तिचे सासरे, नाना, पेपर वाचत बसलेले. आणि माझे पाय, काय सांगू, आपोआप मागच्या दाराकडे वळले! बायकांची वाट ती. पण मुराळी मागच्या दारानं जातो का? पाय ओढून आणले आणि पुढे ओट्यावर जाऊन, नानांच्या समोरच्या खाटेवर बसले. डोक्यावर पदर, मांडीवर सांजोऱ्यांचं फडकं.

नानांनी पेपर खाली घेतला. माझ्या मागे रस्त्यावर मुराळी कुठे दिसतो का ते बघितलं. "काय वं बहीन, मुराई कथा शे?"

"मीच शे, नाना."

"तू?" मिशीत हसले. "आमना घरमा आजलोंग बाई मुराई उनी नही."

"मालेबी नवंच शे," मी म्हटलं.

आतून विहीणबाई दारात आल्या, मागे दोन-चार शेजारणी. नाना म्हणाले, "बरं, मुराई शे तर तूच सांग, काय कामले उनी?"

भाऊ, आता आली वेळ. व्याह्यांसमोर मी कधी शब्द काढला नव्हता. माझा आवाज एवढा मोठा आहे हेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाना, आज माझ्या भावाची पहिली घागर आहे. त्याची लेक न्यायला आले. तो गेला म्हणून वंदीला न्यायला कोणी उरलं नाही, असं मी होऊ देणार नाही. पोर पाठवा. परत आणून सोडायलाही मीच येईन."

नानांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. मला वाटलं, झालं, आता हे नाही म्हणणार आणि मी घरी जाऊन वहिनीला काय तोंड दाखवू?

मग ते आत तोंड करून म्हणाले, "वंदीले सांगा, तिना घरनी मुराई उनी शे. आनि ताट वाढा. मुराई भुकी जात नही आठेतून."

पण वंदी अजून बाहेर आली नव्हती. पुढच्या ओसरीवर मला ताट वाढलं, विहीणबाई स्वतः वाढायला. आमरस, कुरडया, सगळं. आणि भाऊ, एक घास गिळेना!  दर आखाजीला तू माझ्या सासरी यायचास, सासूबाई पानावर आग्रह करायच्या आणि तू म्हणायचास, "भूक नाही हो." मला राग यायचा. एवढ्या लांबून आला आणि जेवत नाही, आमच्या घरचं आवडत नाही का याला? त्या ताटापुढे बसल्यावर कळलं. तू घाबरायचास, हो ना? बहिणीला पाठवतील की नाही, काही उणं-दुणं काढतील का, म्हणून घास उतरायचा नाही. दरवर्षी! आणि मला एकदाही सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? मी काय हसले असते? कदाचित हसलेही असते. पण सांगायचंस.

वंदी पिशवी घेऊन बाहेर आली. "आत्या, तू?" म्हणाली आणि गळ्यात पडली. "तुला कोणी पाठवलं?" म्हटलं, मला कोणी पाठवत नसतं आता, मी येते. शेजारणी पदराआड हसत होत्या. एकीनं हळूच विचारलं, "मावशी, माझं माहेर शिरपूरकडे आहे. तिकडे जाता का हो?" थट्टेत विचारलं का खरंच, मला अजून कळलं नाही.

बसमध्ये वंदी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी नाही झोपले. झोपायचं कसं, मुराळी ना मी! तापीचा पूल आला तशी तिला उठवली. म्हटलं, बघ, डोळे उघडून बघ जरा. ती म्हणाली, "काय बघू आत्या, पाणीच आहे." म्हटलं, तेच बघ.

ऊन डोक्यावर आलं होतं. वहिनीनं घागर मांडून ठेवली होती, पण भरली नव्हती. पंकज अंघोळ करून बसला होता, तरी हाताला चिकाचा वास. वंदीनं पाणी ओतलं, पंकजनं डांगर ठेवलं, घास दिला. निखाऱ्यावर तूप पडून धूर निघाला आणि वहिनी म्हणाली, "पाहा हो, समदे आले." एवढंच म्हणाली.

तुला दिसलं का रे आम्ही सगळे होतो ते?

काल वंदीला एरंडोलला सोडून इकडे आले. दिनेश दारात उभा. "आई, तुला रस्त्यात काही झालं असतं तर?" म्हटलं, झालं ना! बरंच काही झालं! सांगायला बसले तर तो मोबाईल बघायला लागला. मनीषा मात्र ऐकत बसली. कचोरीपाशी आल्यावर म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला पण न्या." घ्या!

आता एक शब्द देते तुला, भाऊ. वंदीच्या दारात दर आखाजीला मी उभी राहीन. पुढच्या ओट्यावर, पुढच्या खाटेवर. गुडघे थकले तर काठी घेईन, पण जाईन. माझा हात कोणी धरेल म्हणून वाट बघत बसणार नाही. आणि वहिनीचं पहिलं वर्ष सरलं की तिला सोबत नेईन. ती नाही म्हणेल, मला माहितेय. मी पण आधी नाहीच म्हणत होते.

तुझ्या घागरीतलं पाणी गार लागलं असेल, अशी आशा करते.

तुझी धाकटी,
कमल